व्यत्ययाबद्दल क्षमस्व

माझी पहिली तक्रार जावयांबद्दल आहे आणि ती करता येत नाही. हॉटेलचे पैसे त्यांनी भरले होते. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं माझी आजी म्हणायची. मी तर लेक-जावयांच्या खर्चाने गळ्यापर्यंत पाण्यात बसून आलो. अशा माणसाने तक्रार करायची ती कुठल्या तोंडाने?

तरीही काही गोष्टींची कुठेतरी नोंद असावी, म्हणून हे लिहितो आहे.

लेक-जावई टोकियोत निशिकासाईला राहतात. त्या भागात भारतीय इतके आहेत की लिफ्टमध्ये मराठीत कोणाची निंदा करू नये, अशी ताकीद आम्हाला सामान घरात यायच्या आतच मिळाली. मुस्कटदाबीची सुरुवात तिथेच झाली. पुढे आम्हा नवरा-बायकोच्या गुडघ्यांविषयी घरात एक बैठक झाली. गुडघ्यांच्या मालकांना तिचं बोलावणं नव्हतं. बैठकीत असं ठरलं, की गुडघ्यांना किनुगावाला गरम पाण्याच्या झऱ्यांवर न्यायचं. मालक सोबत जातीलच.

"एकेकाळी फार मोठं ठिकाण होतं, बाबा," जावई म्हणाले. 'एकेकाळी' हा शब्द ते फार हळू बोलतात.

टोकियोच्या असाकुसा स्टेशनातून तोबू रेल्वेची गाडी दोन तासांत किनुगावाला पोचवते. गाडीबद्दल तक्रार नाही. जपानी गाडीबद्दल तक्रार करायची सोयच नसते. गाव तोचिगी प्रांतात, निक्को शहराच्या हद्दीत, किनुगावा नदीच्या घळईत वसलेलं आहे. निक्कोला जपानचा जुना राज्यकर्ता तोकुगावा इएयासू याचं समाधिमंदिर. तिथल्या यात्रेला येणारे सरदार आणि बौद्ध भिक्षू यांनाच पूर्वी या झऱ्यात उतरण्याची मुभा होती. सामान्य माणसाला ती मेइजी काळात मिळाली. इथवरचा हिशेब आमच्या बाजूने होता. पुढचा फिसकटला.

1980 च्या दशकात जपानमध्ये जमिनीचे भाव आभाळाला भिडले होते. बँका जमीन तारण घेऊन कर्ज देत होत्या, आणि हॉटेलवाले त्या कर्जातून घळईच्या दोन्ही काठांवर दहा-दहा मजले चढवत होते. गिऱ्हाईक ठरलेलं होतं. कंपन्या आपला सगळा नोकरवर्ग बसमध्ये घालून गरम पाण्याला आणायच्या. साहेब आणि कारकून एकसारखे सुती युकाता घालून शेकडोंच्या पंगतीत बसायचे, साके प्यायचे, गायचे, आणि सोमवारी काहीच न घडल्यासारखे कामावर हजर व्हायचे. खर्च कंपनीचा. त्या काळात आमच्या कचेरीचीही सहल निघायची. एसटी ठरायची, वर्गणी पगारातून आधीच कापली जायची, आणि साहेब स्वतःच्या गाडीने पुढे जाऊन चांगली खोली धरायचे. ही तक्रार किनुगावाच्या खात्यावर घालता येणार नाही. जाता जाता करून ठेवली.

1993 साली इथे वर्षाला सुमारे 34 लाख माणसं येत होती. त्याच वर्षी गावाजवळ 'तोबू वर्ल्ड स्क्वेअर' नावाची बाग उघडली. जगातल्या नामांकित इमारती पंचविसाव्या हिश्शाएवढ्या लहान करून तिथे मांडल्या आहेत. ताजमहालही आहे. त्यांच्या अंगणांतून, रस्त्यांवरून 1 लाख 40 हजार बोटभर बाहुल्या फिरताना दाखवल्या आहेत. आम्ही गेलो त्या दिवशी किनुगावात दिसलेली सर्वांत मोठी गर्दी तीच.

कारण मधल्या काळात जमिनीच्या भावांचा फुगा फुटला होता. कंपन्यांनी सहली आवरत्या घेतल्या. नव्या पिढीला सुट्टीच्या दिवशी साहेबाचं गाणं ऐकायचं नव्हतं. माणसं दोघं-दोघं येऊ लागली, आणि तीनशे पानांच्या पंगतीचे हॉल दोघांसाठी लावता येत नाहीत. हॉटेलांना पैसा पुरवणारी अशिकागा बँक 2003 च्या नोव्हेंबरात सरकारला ताब्यात घ्यावी लागली. मग एकेका हॉटेलचा दिवा मालवत गेला. चांगल्या दिवसांत या हॉटेलांनी पाहुणा बाहेर पडू नये म्हणून दुकानं, बार, नूडल्सची गाडी, सगळं आतच थाटलं होतं. त्यामुळे बाहेरची बाजारपेठ आधीच कुपोषित होती. ती हॉटेलांच्या बरोबरीने गेली. ज्या कंपन्यांच्या नावावर इमारती होत्या त्या बुडाल्या. इमारत पाडायचा खर्च अफाट, आणि तो करायला मालक जागेवर नाही. म्हणून इमारती जागेवर आहेत.

थोडक्यात, आम्ही तीस वर्षं उशिरा पोचलो ही माझी दुसरी तक्रार. ती ऐकून घ्यायला जपानी अर्थव्यवस्थेच्या वतीने कोणी हजर नव्हतं.

आमचं हॉटेल या पडझडीतून वाचलेलं होतं. वाचलेलं म्हणजे, कोणीतरी स्वस्तात विकत घेऊन स्वस्तात चालवायला काढलेलं. लॉबीत दोनशे माणसं सहज मावतील. आम्ही चौघं होतो, आणि एक पियानो होता. पियानोवर मखमली कापड, कापडावर पाटी: 'कृपया वाजवू नये. क्षमस्व.' छताला भलंमोठं झुंबर होतं आणि त्यातले एकाआड एक दिवे विझलेले होते. मला बरं वाटलं. प्रवासाचा शीण एखाद्या चांगल्या तक्रारीनेच जातो. "अगं, हे काय, अर्धे दिवे..." असं मी म्हणतो न म्हणतो तोच लेकीने खांबावरची पाटी वाचून दाखवली: विजेच्या बचतीसाठी काही दिवे बंद ठेवले आहेत, आपली गैरसोय होत असल्याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो. खाली कमरेत वाकलेल्या माणसाचं चित्र होतं. माझं उरलेलं वाक्य मी गिळलं.

पुढे हेच घडत राहिलं. लिफ्ट सावकाश चालते, क्षमस्व. कॉफीचं दुकान बंद आहे, क्षमस्व. गालिचाला इथे सुरकुती आहे, पाय अडकू शकतो, क्षमस्व. प्रत्येक पाटीवर तो वाकलेला माणूस. एका पाटीवरची अक्षरं उन्हाने पार उडाली होती. माफी कशाबद्दल आहे ते लेकीलाही वाचता येईना. माणूस मात्र वाकलेला होता.

मुंबई दूरदर्शनवर 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' ही पाटी ज्यांनी मन लावून पाहिली आहे, त्या पिढीतला मी आहे. पण ती पाटी व्यत्यय आल्यावर लागायची. आधी चित्र जायचं, मग आपण टीव्हीच्या डोक्यावर थापट्या मारायच्या, शेजाऱ्यांना 'तुमच्याकडे दिसतंय का हो?' विचारायचं, आणि सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आल्यावर क्षमस्व. त्याला काही एक क्रम होता. आपल्याकडच्या हॉटेलातही नळाला पाणी नसलं तर आधी आपण ओरडतो. मग मॅनेजर "पाच मिनिटांत येतंय, साहेब" म्हणतो. मग आपण त्याला पाच मिनिटं म्हणजे काय ते समजावतो. मग तो कुठल्या गावचा ते निघतं, आपल्या मावशीचं सासर त्याच गावातलं निघतं, आणि पाणी येईपर्यंत चहा येतो. किनुगावात हा सगळा संसार पहिल्या पायरीलाच मोडतो. तक्रार मनात यायच्या आत तिची माफी भिंतीवर चिकटवलेली असते.

खोलीकडे जायचा मार्ग सांगतो. हॉटेल दरीच्या कड्यावर बांधलेलं असल्यामुळे रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की माणूस थेट सहाव्या मजल्यावर असतो. स्नानगृह तळाशी, नदीजवळ, पहिल्या मजल्यावर. आमची खोली नव्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. ही नवी इमारत माझ्या लेकीपेक्षा वयाने मोठी आहे. तिची लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या खाली उतरत नाही. तिथे बाहेर पडून एक बोळ ओलांडायचा, की आपण जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर येतो, जिना न चढता. मग जुनी लिफ्ट शोधायची. वाटेत सहा-सात पायऱ्या आहेत, त्या का आहेत ते पाटीवरही लिहिलेलं नाही. क्षमस्व मात्र लिहिलं आहे. गुडघे बरे व्हावेत म्हणून गरम पाण्यात उतरायचं, आणि गरम पाण्यापर्यंत पोचायला गुडघे आधी बरे असावे लागतात.

त्यात सपाता. दारात बूट काढून हॉटेलच्या सपाता घालायच्या. तातामी चटईवर त्या काढायच्या. संडासात वेगळ्या घालायच्या, आणि त्या घालून बाहेर आलात तर घराण्याची अब्रू जाते. सगळ्या सपाता एकाच तपकिरी रंगाच्या, एकाच मापाच्या. स्नान करून आल्यावर आपल्या कोणत्या हा प्रश्न तिथे कोणालाच पडत नाही. समोर येईल ती जोडी पायात सरकवून माणसं चालू लागतात. एक डोळा चपलांवर ठेवून जन्मभर देवदर्शन घेतलेल्या माणसाला हा बेफिकीरपणा झोंबतो.

खोली धूम्रपान-निषिद्ध होती, तसं दारावर लिहिलं होतं. आत सिगारेटचा वास होता. ताजा नव्हे, 1988 साली एखाद्या विभागप्रमुखाने बढतीच्या आनंदात ओढलेली असावी असा. टेबलावर सुगंधी फवाऱ्याची बाटली ठेवली होती, आणि बाटलीखाली चिठ्ठी. चिठ्ठीत काय होतं ते मी लेकीला विचारलंच नाही.

जावयांनी चार पैसे जास्त भरून 'नदी दिसणारी' खोली घेतली होती. नदी दिसली. खोल, हिरवी, दगडांवरून खळाळत जाणारी, दृष्ट लागावी अशी नदी. तिच्या पलीकडे समोरासमोर एक बंद पडलेलं हॉटेल होतं. भिंतींवर पावसाचे काळे ओघळ, गच्चीवर उगवलेली झाडं, खिडक्यांत अजून लोंबणारे पडदे. एका खिडकीत टेबलफॅन आमच्याकडे तोंड करून उभा होता.

"पडदा ओढून घ्या, समोरून दिसतं," बायको म्हणाली.

समोर गेली कित्येक वर्षं कोणीही राहत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं.

"म्हणूनच ओढा," ती म्हणाली.

आता स्नान. आपल्याकडे गरम पाण्याच्या कुंडांना देव जोडलेला असतो. वज्रेश्वरीला गेलं तर आधी कुंड, मग देवी. पाण्याचा रंग, वास, त्यात तरंगणारं निर्माल्य, कशाबद्दलही बोलायची प्राज्ञा नसते, कारण तक्रार थेट देवीकडे जाते. जपानमध्ये देवाऐवजी कायदा आहे. 1948 च्या कायद्यानुसार जमिनीतून निघताना पाणी किमान 25 अंश असलं, किंवा यादीतल्या 19 द्रव्यांपैकी एखादं ठरलेल्या प्रमाणात त्यात असलं, की ते 'ओनसेन' ठरतं. 25 अंश म्हणजे ठाण्याच्या नळाला एप्रिलमध्ये येणारं पाणी याहून गरम असतं. पण आम्ही बिचारे त्याला महानगरपालिकेचं पाणी म्हणतो.

2004 साली नागानो प्रांतात एक प्रकरण उघडकीला आलं. शिराहोने या ठिकाणचं दुधाळ पाणी प्रसिद्ध; ते काही ठिकाणी पूड टाकून दुधाळ केलं जात होतं. मग इतर गावांतही साधं पाणी तापवून झऱ्याचं म्हणून दिल्याचं निघालं. देशभर गहजब झाला, आणि 2005 पासून नियम आला, की पाण्यात साधं पाणी मिसळत असाल, ते तापवत असाल, तेच तेच फिरवत असाल, किंवा त्यात काही टाकत असाल, तर तसं दारावर लावायचं. आमच्या स्नानगृहाच्या दारावर तो तक्ता होता. लेक बायकांच्या बाजूला जाता जाता वाचून गेली: तापमान राखण्यासाठी पाणी तापवलेलं आहे. साधं पाणी मिसळलेलं आहे. गाळून पुन्हा फिरवलेलं आहे. क्लोरीन टाकलेलं आहे. म्हणजे ज्या चार गोष्टींचा मला संशय घेता आला असता, त्या चारही गोष्टी आरोपीने स्वतःहून कबूल करून, सही-शिक्क्यानिशी टांगून ठेवल्या होत्या. संशय हा आमच्या पिढीचा एकमेव छंद. तो सरकारने मोडीत काढला आहे.

उघड्यावरचं कुंड बंद होतं. आतल्या कुंडात शंभर माणसं बसावीत अशी जागा, आणि एका टोकाला सिमेंटचा धबधबा, तोही बंद. अंघोळीचा रिवाज असा, की आधी लाकडी स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मग अंगावर सूतही न ठेवता पाण्यात उतरायचं. एक हातभर पंचा मिळतो. तो पाण्याला लागता कामा नये, म्हणून घडी करून डोक्यावर ठेवतात. म्हणजे झाकायला जे दिलं आहे, ते अशा ठिकाणी ठेवायचं जिथे झाकण्यासारखं काही नाही.

आणि शंभर माणसांच्या त्या कुंडात आम्ही दोघंच होतो: मी आणि जावई.

या प्रसंगाबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्या माणसाचे लग्नात आपण पाय धुतले, त्याच्यासमोर अशा अवस्थेत कसं बसावं, याविषयी धर्मशास्त्रात काही सापडत नाही. आम्ही दोघांनी छताकडे पाहत म्युच्युअल फंडांबद्दल चर्चा केली. इतकी सखोल चर्चा आमच्यात पूर्वी कधी झाली नव्हती. छताला ओल आली होती. तिच्याबद्दल बोलावं असं दोघांच्याही मनात आलं असणार, पण एव्हाना आम्ही शहाणे झालो होतो.

पाणी मात्र चांगलं होतं. मऊ, नितळ, अंगाला किंचित बुळबुळीत लागणारं. बाहेर आल्यावर तासभर अंग आतून ऊबदार राहिलं आणि गुडघ्यांनी पायऱ्यांवर कुरकुर केली नाही. किनुगावाचं पाणी अल्कधर्मी. त्याला रंग नाही, गंधकाचा वास नाही. हीच पंचाईत आहे. नाकाला झोंबत नाही ते पाणी औषधी आहे, हे ठाण्याला परतल्यावर कोणाला पटवून द्यायचं?

जेवण 'बायकिंगु' पद्धतीचं होतं. जपानमध्ये बुफेला हे नाव 1958 साली टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलने दिलं, व्हायकिंग लोकांवरून. इथे आल्यावर त्यामागचा विचार कळतो. नव्वद मिनिटांची मुदत होती आणि खेकड्यांच्या टेबलावर चढाई चालू होती. युकाता घातलेली सत्तरी ओलांडलेली माणसं ताटात खेकड्याच्या तंगड्यांची मोळी बांधून जात होती. आम्ही पोचलो तेव्हा ट्रेमध्ये बर्फ आणि पाटी उरली होती. पाटीवर वाकलेला माणूस.

माझी बायको शाकाहारी. तिच्यासाठी निक्कोची खासियत होती, 'युबा': सोयाबीनचं दूध तापवलं की वर जी साय धरते ती. दिसायला आपल्या सायीसारखी, चवीला सायीच्या आठवणीसारखी. वीस पदार्थांत हा एक तिच्या वाट्याला आला. ती दोन घास खाऊन झाल्यावर लेकीने आचाऱ्याकडे चौकशी केली, तेव्हा कळलं की युबा ज्या रसात शिजवली आहे, तो सुकवलेल्या माशाच्या अर्काचा आहे. आचारी इतका खाली वाकला की त्याची उंच टोपी सॅलडला टेकली. बायको त्यालाच "असू दे, असू दे, बाळा" म्हणाली आणि मला म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका." मी काही बोलणार नव्हतो. बोलण्यासारखं त्याने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. रात्री खोलीत तिने दशम्या आणि चटणी काढली.

जेवणानंतर मन रमवायची सोय पुष्कळ आहे. 'होओ' म्हणजे फिनिक्स नावाचा मेजवानीचा हॉल आहे. त्यात आता मोडक्या खुर्च्या ठेवतात, आणि दार अर्धवट उघडं असल्याने त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. टेबल-टेनिसचं टेबल आहे. चेंडू स्वागतकक्षात मागावा लागतो, म्हणजे दोन इमारती आणि ते पायऱ्यांचं कोडं ओलांडून. नाणं टाकून चालणारी मालिशची खुर्ची आहे. मी शंभर येन टाकले. तिने पाठ चोळली, खांदे दाबले, मग दोन्ही पोटऱ्या घट्ट पकडल्या, आणि वेळ संपली. सुटका होईना. जावई दुसरं नाणं मोडून आणेपर्यंत ती माझे पाय धरून होती. त्या हॉटेलात यंत्रांनाही वळण लागलं आहे.

असा मी सर्व बाजूंनी कोंडलो होतो. पैशांवरून बोलावं, तर पैसे माझे नव्हते. इतिहासाबद्दल बोलावं, तर दाद मागायला न्यायालय नव्हतं. पाण्याने कबुलीजबाब दिला होता, भिंतींनी क्षमा मागितली होती, खुर्चीने पाय धरले होते. तेव्हा टेबलावरच्या चहाच्या डब्याखाली मला एक छापील कागद सापडला. पाहुण्यांनी आपलं मत कळवावं म्हणून होता. वर पाच चौकोन, खाली रिकाम्या ओळी. रात्री सगळे झोपल्यावर मी दिवा लावून बसलो. झुंबर, लिफ्ट, पायऱ्या, सपाता, सिगारेट, टेबलफॅन, खेकडे, खुर्ची. आमच्या कचेरीतल्या त्या साहेबांवरही चार ओळी लिहिल्या. न्यायबुद्धीने पाण्याची स्तुतीही एका परिच्छेदात केली. ओळी संपल्यावर मागची बाजू घेतली. ती संपल्यावर लेकीच्या खोलीतला कागद आणला. सगळं शुद्ध मराठीत, मुद्दे पाडून.

सकाळी दहाच्या आत खोली सोडायची होती. स्वागतकक्षात एक वयस्क गृहस्थ होते. मी दोन्ही हातांनी कागद दिले, त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. लेक भाषांतराला पुढे झाली, त्यांनी तिला हातानेच थांबवलं. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, उलटलं, मागची बाजू पाहिली, दुसरं पान पाहिलं. एवढी बारकाईने माझी तक्रार आजवर कोणत्याही कार्यालयात कोणी वाचलेली नाही. मग कागद बाजूला ठेवून ते काउंटरच्या बाहेर आले आणि कमरेत वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

त्यात पाण्याची स्तुतीही होती. तिच्याबद्दलसुद्धा त्यांनी माफी मागितली.